परसातलं तळं: पाणी नितळ होतं, तरी मासे का मेले?

[पाणी पडल्याचा आवाज]

ऐकू आलं? हा आवाज यूट्यूबवरून घेतलेला नाही. आमच्या घराच्या मागच्या दाराबाहेर मी आत्ता फोन घेऊन बसलोय, आणि समोर तळं आहे. दहा फूट लांब, सात फूट रुंद, चार फूट खोल. आत सहा कोई मासे. बाजूला छोटी टाकी, तिच्यात वॉटर लिली. आज एक फूल उघडलंय, पांढरं, मधे पिवळं.

तर नमस्कार मंडळी. मागच्या भागात मी चुकून म्हणून गेलो की "माझ्या तळ्यावर एकदा बोलू", आणि तेव्हापासून मेसेज थांबलेच नाहीत. दादा सेटअप सांग, दादा कुठला पंप, दादा पाणी इतकं क्लिअर कसं. सांगतो. पण सुरुवात त्या क्लिअर पाण्यापासूनच करावी लागेल, कारण त्या पाण्याच्या नादात मी सहा मासे मारलेत.

झालं असं. आमचं घर साताऱ्याच्या जरा बाहेर. मागे परस आहे, त्यात शेवगा, कढीपत्ता, एक नारळ, आणि धुण्याच्या दगडाशेजारी जुना सिमेंटचा हौद. सहा बाय तीन, खोली दीड फूट. लॉकडाउनमध्ये घरी बसून बसून मी जपानी तळ्यांचे व्हिडिओ बघायला लागलो. नंतर एक दिवस उठलो आणि पुण्याहून सात कोई घेऊन आलो. बोटाएवढे. हौदात सोडले. एका छोट्या फिल्टरचा स्पंज लावला. झालं तळं!

आजीला ते प्रचंड आवडलं. तिची दुपारची खुर्ची मागच्या दारात आली. तिनं माशांना नावं ठेवली. लाल होता तो तांबडा, काळे ठिपके असलेला मुनीम, आणि एक होता पिवळट पांढरा, ना धड पिवळा ना धड पांढरा. त्याचं नाव डालडा. सातातला सगळ्यात स्वस्त मासा तोच.

महिनाभरात पाणी हिरवं झालं. म्हणजे पालकाच्या सुपासारखं. मासे दिसेनात. आजी म्हणाली, तुरटी फिरव. मी म्हटलं नको, आपण नीट साफ करू. एका रविवारी मी मासे टबमध्ये काढले, हौद पूर्ण रिकामा केला, घासला, स्पंज नळाखाली चोळून चोळून पांढराशुभ्र धुतला, आणि नळाच्या पाण्यानं हौद काठोकाठ भरला. काय दिसत होतं म्हणून सांगू! तळाचा दगड न् दगड दिसत होता. मी रील बनवली. "क्रिस्टल क्लिअर", खाली तीन निळे थेंब. माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त चाललेली रील ती.

संध्याकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. आम्हाला वाटलं भूक लागलीय. खायला घातलं. सकाळी तांबडा आणि मुनीम उलटे तरंगत होते. पुढच्या आठ दिवसांत आणखी चार गेले. पाणी शेवटपर्यंत काचेसारखं होतं. आजीनं एकेक करून कढीपत्त्याच्या बुडाशी पुरायला लावले, आणि खुर्ची आत घेतली. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

डालडा उरला. का उरला ते मला आजही माहीत नाही.

आता यात झालं काय ते सांगतो, कारण हे एकदा कळलं की तळ्याची निम्मी विद्या आली असं समजा.

पहिले दोन मासे गेले क्लोरीनमुळे. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात. आपल्यासाठी ते चांगलंच. पण माशाचा कल्ला म्हणजे उघडं फुप्फुस. तो भाजून निघतो. तोंड उघडझाप भुकेची नव्हती, श्वास मिळत नव्हता म्हणून होती.

उरलेले चार गेले ते माझ्या स्वच्छतेमुळे. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. अमोनिया विषारी, पण दिसत नाही, थोडा असेल तर वासही येत नाही. तळ्यात काही जिवाणू असतात, ते या अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी, आणि झाडं ते खातात. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते चिकटून राहतात. स्पंजला, दगडाला, भिंतीवरच्या बुळबुळीत थराला. म्हणजे मी घासून काढलं ते सगळं. आणि उरलेसुरले क्लोरीनच्या नळाखाली धुतले. माझं तळं बाहेरून चकाचक आणि आतून संडास झालं होतं. माफ करा, पण दुसरा शब्द नाही.

आणि आपल्याकडे एक भर आहे. दख्खनच्या काळ्या कातळातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, पीएच सातच्या वर, आठच्या आसपास. वर आपला उन्हाळा. अमोनियाचं जे रूप माशाला मारतं, त्याचं प्रमाण पीएच आणि तापमानाबरोबर वाढतं. तीस अंश पाण्यात पीएच सात असेल तर एकूण अमोनियातला शंभरातला एक भागसुद्धा त्या विषारी रूपात नसतो. पीएच आठ झाला की तोच सात-साडेसात भाग होतो. जवळजवळ दहापट! त्यामुळे थंड देशातला कुणी व्हिडिओत म्हणाला की "थोडा अमोनिया चालतो", तर त्याचं त्याला चालत असेल.

असो. तर आजीची खुर्ची परत दारात आणायची होती. मला खरं सांगायचं तर तेवढंच हवं होतं.

दुसऱ्या वेळी मी सहा महिने मासा आणला नाही. डालडा एका टबमध्ये एकटा राहिला, रोज थोडं पाणी बदलायचो, तेही आदल्या दिवशी काढून ठेवलेलं. आणि मी वाचत बसलो.

कोई म्हणजे काय हे तेव्हा नीट कळलं. तो मूळचा साधा कार्प. आपल्याकडे मत्स्यशेतीवाले ज्याला सायप्रिनस म्हणतात ना, तीच जात. जपानात निगाता भागातले डोंगरातले भातशेतकरी बर्फाच्या दिवसांत खायला म्हणून हे मासे पाळायचे. 19व्या शतकाच्या सुरुवातीला त्यातले काही रंगीत निघाले आणि कुणीतरी ते खाण्याऐवजी ठेवले. 1914 साली टोकियोच्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि मग सगळ्या जपानला त्यांचं वेड लागलं. शेतकऱ्याची ती हौस होती हे मला फार आवडलं. राजवाड्यात नाही, भातखाचरात सुरू झालं.

पण जात कार्पची, म्हणजे अंगही कार्पचं. बोटाएवढा आणलेला मासा चांगल्या पाण्यात दोन फुटांपर्यंत जातो. पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो. तुमचं लग्न, तुमची नोकरी, तुमचं दुसरं शहर, सगळं बघून तो तिथंच असेल. हे मी घाबरवायला नाही सांगत. पण काचेच्या गोल भांड्यात कोई विकणाऱ्या माणसाला हे विचारून बघा. माझा हौद होता साधारण साडेसातशे लिटरचा. त्यात मी सात कोई सोडले होते. साधा हिशेब धरा, एका कोईला हजार लिटर. त्या हौदात एकसुद्धा नीट मावत नव्हता.

लिटर काढायचे कसे? लांबी, रुंदी, खोली फुटांत गुणा, आणि उत्तराला सव्वाअठ्ठावीसच्या आसपास गुणा. दहा गुणिले सात गुणिले चार, दोनशे ऐंशी. म्हणजे साधारण आठ हजार लिटर. औषध, मीठ, पंप, मासे, सगळं या एका आकड्यावर ठरतं, त्यामुळे तो भिंतीवर लिहून ठेवा. आमच्याकडे आण्णांनी खडूनं लिहिलाय, शेजारी दूधवाल्याचा हिशेब आहे.

आण्णा म्हणजे वडील. त्यांचा या सगळ्याला विरोध होता. आणि विरोध पोकळ नव्हता. म्हणाले, "मे महिन्यात गल्लीत टँकर येतो. बायका हंडे घेऊन उभ्या असतात. आणि तू आठ हजार लिटर पाणी माशांना पोहायला ठेवणार? लोकांसमोर मान वर करून चालशील का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी हिशेब केला. तळ्याचा वरचा पृष्ठभाग साडेसहा चौरस मीटर. कडक उन्हाळ्यात रोज सहा-सात मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं तर रोजचे चाळीस-पंचेचाळीस लिटर. तीन बादल्या. वर दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं, म्हणजे आठशे लिटर. हे जास्त वाटतं, आणि आहेच. पण आण्णा आधीपासून परसबागेला रोज पाणी घालत होते, बोअरचं. आता ते तळ्याचं गाळाचं पाणी घालतात. नायट्रेटवालं पाणी, झाडाला खतच. नारळानं दुसऱ्याच वर्षी फरक दाखवला. आणि आठ मासे मावत असताना मी सहावरच थांबलो, ते याचसाठी. मासे कमी, घाण कमी, पाणी बदलणं कमी. पावसाळ्यात पत्र्याचं पाणी आता टाकीत जातं. तरीही एप्रिल-मेमध्ये मला थोडं अवघडल्यासारखं होतंच. ते जाऊ नये असं मला वाटतं. तुमच्या गावात पाण्याची खरोखर मारामार असेल तर मोठं तळं करूच नका, लिलीचा एक टब ठेवा. त्यावर शेवटी बोलतो.

आता बांधकाम. जागा आधी बदलली. हौद शेवग्याखाली होता. शेवग्याची बारीक पानं वर्षभर गळतात, ती पाण्यात कुजतात, आणि कुजलं की पुन्हा अमोनिया. नवीन जागा घराच्या पूर्वेला. सकाळचं ऊन लिलीला पाहिजे, पाच-सहा तास तरी. दुपारनंतर घराची सावली माशांना पाहिजे. कमी पडते तिथं उन्हाळ्यात शेडनेट लावतो.

सिमेंट की कागद? सिमेंटचं तळं करायला हरकत नाही, पण नव्या सिमेंटमधून चुना सुटतो, पीएच नऊ-दहाच्या पुढे जातो. तीन-चार आठवडे पाणी भरा, सोडा, पुन्हा भरा, किंवा माशांना चालणारा लेप द्या. मी गेलो शेततळ्याच्या कागदाकडे. पाचशे मायक्रॉनचा तो काळा कागद, आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या गावाला मिळतो. माप असं: लांबी अधिक खोलीची दुप्पट अधिक काठाला दोन फूट. रुंदीचंही तसंच. मला वीस बाय सतराचा लागला. खड्डा मुरुमात खणला, टोकदार खडे वेचले, आणि कागदाखाली गादी म्हणून जुने फ्लेक्स अंथरले. कुणातरी भाऊंच्या वाढदिवसाचे. आमच्या तळ्याखाली चार भाऊ हात जोडून उभे आहेत.

चार फूट खोली मुद्दाम. दीड फूट पाणी मेमध्ये दुपारी कढत होतं आणि पहाटे गार. मोठं पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं.

पण चार फूट खोल म्हणजे लहान मुलाला धोका. हे मी पंप-बिंपच्या आधी सांगायला हवं होतं. माझी भाची चार वर्षांची आहे. काठ दीड फूट वर उचलून घेतलाय आणि ती येणार असेल तेव्हा लोखंडी जाळी कुलूप लावून बसवतो. दुसरं, वीज. पाण्यातला पंप ज्या बोर्डावर आहे तिथं ईएलसीबी आणि नीट अर्थिंग असल्याशिवाय पाण्यात हात घालू नका. इलेक्ट्रिशियनला बोलवा. यात जुगाड नाही.

जुगाड फिल्टरमध्ये करा, तिथं तो चालतो. तळाच्या मधोमध चार इंची पाइप बसवलाय, कारण घाण खाली बसते. तो पाइप जातो काठाशेजारी जमिनीत पुरलेल्या दोनशे लिटरच्या निळ्या पिंपात. पिंपातली पाण्याची पातळी आणि तळ्याची पातळी एकच, त्यामुळे पाणी आपोआप येतं. पहिल्या पिंपात पाणी संथ होतं, जड गाळ खाली बसतो, खालचा व्हॉल्व्ह उघडला की तो थेट नारळाला. दुसऱ्या पिंपात जिवाणूंचं घर: नायलॉनच्या घासण्या, साबण नसलेल्या बरं का, आणि गुंडाळलेली शेडनेट. काहीही चालतं, जे कुजत नाही आणि ज्याला खूप पृष्ठभाग आहे. पंप सगळ्यात शेवटी. बरेच जण पंप तळ्यात टाकतात, तो घाणीचा मिक्सर होतो, लगदा करून फिल्टरमध्ये पाठवतो. आधी गाळ काढा, मग पंप.

पंप तासाला सहा हजार लिटरचा. वर चढवताना तो तेवढा देत नाही, पण दीड-दोन तासांत तळं एकदा फिरलं तरी पुरे. साठ वॉटचा आहे, चोवीस तास चालतो, महिन्याला साधारण त्रेचाळीस युनिट. रात्री बंद करायचा नाही. आण्णा सुरुवातीला दहा वाजता ट्यूबलाइटबरोबर तोही बंद करायचे. जिवाणूंना प्राणवायू लागतो, पाणी थांबलं की ते काही तासांत मरायला लागतात. आणि पहाटे तळ्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो, कारण शेवाळ आणि झाडं रात्री तो देत नाहीत, घेतात. लाइट गेली तर एक छोटा बॅटरीवरचा हवेचा पंप ठेवलाय. मागच्या मेमध्ये वळवाच्या पावसात रात्री दोनपासून सकाळी आठपर्यंत लाइट नव्हती. मी चार वाजेपर्यंत मगानं पाणी उचलून वरून ओतत बसलो होतो, कारण बॅटरी चार्ज केली नव्हती. आण्णा उठून आले. काही न बोलता दुसरा मग घेतला.

हिरव्या पाण्याचं काय ते राहिलंच. ते पाणी घाण नसतं. एकपेशीय शेवाळ असतं, इतकं बारीक की फिल्टरमधून निघून जातं. माशांना त्याचा त्रास कमी, आपल्यालाच दिसत नाही म्हणून त्रास. तुरटीनं मातीचा गढूळपणा बसतो, पण पाणी आम्ल होतं आणि ॲल्युमिनियम कल्ल्यांना वाईट. तेव्हा आजीचं पिण्याच्या हंड्यासाठी बरोबर, तळ्यासाठी नाही. मी फिल्टरनंतर अठरा वॉटचा यूव्ही दिवा लावला. पाणी त्याच्यासमोरून जातं, शेवाळाच्या पेशी मरतात, गोळा होतात आणि फिल्टरमध्ये अडकतात. आठ-दहा दिवसांत तळ दिसला. त्याची नळी पेटलेली दिसली तरी वर्षभरात दम संपतो, ती बदलायची. भिंतीवर चिकटलेल्या शेवाळाला यूव्ही काही करत नाही, आणि करूही नये. ते मऊ हिरवं अस्तर म्हणजे तळ्याची तब्येत. ते घासायचं नाही! मला अजूनही कधीकधी हात शिवशिवतात.

सगळं सुरू करून मी सहा आठवडे थांबलो. तळ्यात एकटा डालडा. ओळखीच्या एकाच्या जुन्या फिल्टरमधली मळकी चटई आणून माझ्या पिंपात टाकली, विरजण लावतो तसं. दर दोन दिवसांनी थेंबांच्या किटनं तपासायचो. आधी अमोनिया वर गेला, थोडं पाणी बदललं, मग तो उतरला. मग नायट्राइट वर, मग तोही उतरला. दोन्ही शून्य सलग दहा दिवस दिसले, तेव्हा दोन मासे आणले. महिन्यानं आणखी तीन. आता नळाचं पाणी घालायचं तर आदल्या दिवशी टाकीत हवा सोडून ठेवतो, घाई असेल तर क्लोरीन मारायचं सोडियम थायोसल्फेट, दुकानात ज्याला हायपो म्हणतात, ते मापात. चटई धुवायची तर तळ्यातलंच पाणी बादलीत घेऊन, त्यात दोनदा पिळायची. पांढरीशुभ्र करायची नाही.

लिली. अरे हो, लिली. सगळ्यांना फोटो लिलीचेच हवे असतात.

आधी एक गोंधळ मिटवू. लिली म्हणजे कमळ नाही. कमळाचं पान पाण्याच्या वर उभं राहतं, त्यावर थेंब घरंगळतो. लिलीचं पान पाण्यावर पसरतं आणि त्याला देठापर्यंत एक चीर असते. आपल्या जुन्या वाङ्मयात चंद्राबरोबर उमलणारं जे कुमुद येतं ते हिच्यातलं, रात्री उमलणाऱ्या जाती खरोखर आहेत. माझी सकाळी उघडते, दुपारनंतर मिटते, असं तीन-चार दिवस, मग खाली जाते.

मी मोठ्या हौसेनं कुंडी तळ्याच्या मधोमध ठेवली. तिसऱ्या दिवशी कुंडी आडवी, माती सगळ्या तळ्यात, आणि डालडा लिलीचा कंद नाकानं ढकलत फिरतोय. कार्पची सवयच ती, तळ उकरायची. वर मोठे गोटे ठेवले तर उकरणं कमी झालं, पण कोवळी पानं खाल्ली. शिवाय कोईला वाहतं, फेसाळतं पाणी हवं, लिलीला शांत पाणी हवं. पानांवर सतत तुषार पडले की ती रुसते. एकाच भांड्यात दोघांना सुखी ठेवणं हे इंटरनेटवरच्या फोटोत जमतं.

म्हणून शेजारी चार बाय तीनची, दीड फूट खोल वेगळी टाकी. पंपाचं बहुतेक पाणी उंचावरून तळ्यात पडतं, आणि व्हॉल्व्हनं एक बारीक धार लिलीच्या टाकीत सोडलीय. तिथून ते काठावरून तळ्यात सांडतं. नायट्रेट लिली खाते, म्हणजे तीही फिल्टरच. माती जड हवी. शेतातली काळी माती, चिकण. कोकोपीट, गांडूळखत असलं हलकं काही नको, ते तरंगतं आणि पाणी सडवतं. वर खडीचा थर. कंदाच्या वर सुरुवातीला सहा इंच पाणी, मग फूटभर. पिवळी पानं कुजायच्या आत कापायची. पानांवर मावा पडला तर पाण्याचा फवारा मारून धुवायचा, औषध अजिबात नाही, ते पाणी माशांकडेच जातंय. या टाकीत कोई नाहीत म्हणजे डास आले, म्हणून गप्पी मासे सोडलेत. हिवताप विभागाचे लोक वाटतात तेच.

गणपतीत शेजारच्या काकूंनी विचारलं, "तुमच्या तळ्यात विसर्जन करू का रे? घरच्या घरी होईल." मला क्षणभर सुचेना. नाही कसं म्हणायचं? शेवटी मी मोठं घमेलं पाण्यानं भरून, फुलं सोडून तळ्याच्या काठावर ठेवलं. त्यांची मूर्ती शाडूची होती, रंग न दिलेली. आरती तिथंच झाली. चार दिवसांनी ती माती निवळली, आणि काकूंना विचारून मी ती काळ्या मातीत मिसळून लिलीच्या नव्या कुंडीत भरली. आज उघडलेलं फूल त्या कुंडीतलं आहे. काकू सकाळी येऊन बघून गेल्या.

पाहुणे बरेच येतात. खंड्या रोज. वंचक बगळा एकदा तासभर काठावर पुतळ्यासारखा उभा होता, तेव्हापासून पक्ष्यांची जाळी आहे. पावसाळ्यात दिवड आला. बिनविषारी साप, कृपा करून मारू नका. सर्पमित्राला फोन केला, तो येईपर्यंत दिवड बेडूक खाऊन निघूनही गेला.

एक विनंती मात्र मनापासून. मासे मोठे झाले, घर बदललं, कंटाळा आला, तरी नदीत, तलावात, विहिरीत कोई सोडू नका. तो कार्पच आहे, तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, आपल्या इथल्या माशांच्या जागा खातो. मोठं तळं असलेल्या माणसाला द्या. पुण्याला, कोल्हापूरला पाळणारे पुष्कळ आहेत, शोधलं की सापडतात.

आणि ज्यांच्याकडे परस नाही, फ्लॅटच्या बाल्कनीत ऊन येतं, त्यांच्यासाठी: दीड-दोन फूट रुंदीचा टब, एक लिली, चार गप्पी. पंप नाही, फिल्टर नाही. सुरुवातीला पाणी हिरवं होईल, पानांनी निम्मं पाणी झाकलं की बरंचसं आपोआप निवळेल. कोई नाही. प्लीज कोई नाही. भरलेल्या टबचं वजनही बघा, शंभर लिटर म्हणजे शंभर किलो.

आजीची खुर्ची? ती परत आली, पण लगेच नाही. नवे मासे आल्यावरही ती आतूनच विचारायची, "जिवंत आहेत का?" रोज. पहिल्या महिन्यात मी रोज सकाळी सात वाजता तिला आकडे सांगायचो, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती "बरं" म्हणायची. पहिलं फूल आलं तेव्हा खुर्ची दारात आली. आता भांडण आहे ते पोळीवरून. ती चोरून पोळीचे तुकडे टाकते, मी सांगतो पाणी खराब होतं, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच त्यांचं खाणं घाल. मग तह झाला: मटारचे सोललेले दाणे आणि उन्हाळ्यात कलिंगडाची फोड. कोईच्या दातांची रांग घशात असते, तिथं तो दाणा चिरडतो. शांत असलं की कुट्ट असा आवाज ऐकू येतो.

डालडा आता हातभर झालाय. अजूनही ना पिवळा ना पांढरा. प्रदर्शनात त्याला कुणी विचारणार नाही. ती रील मी डिलीट केलेली नाही, खाली फक्त कमेंट पिन केलीय की हे मासे आठ दिवसांत मेले, कारण ऐकायला हा भाग ऐका.

प्रश्न असतील तर तळ्याचं माप फुटांत, पाण्याचा पीएच आणि माशांची संख्या लिहून पाठवा, नुसतं "दादा पाणी हिरवं झालंय" लिहू नका, मला काही सांगता येत नाही. पुढच्या भागात बाल्कनीतल्या टबची लिली करून बघणार आहोत, एक मैत्रीण तिसऱ्या मजल्यावर करतेय. आता थांबतो, साडेसहा वाजले, आजी मटार घेऊन आलीय.

[खुर्ची सरकल्याचा आवाज]